मुलाला फायर ब्रिगेडमध्ये पाठवावं का? एका निवृत्त केंद्र अधिकाऱ्याचं उत्तर

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा बारावी सायन्स झालाय, अंगाने काटक आहे आणि महापालिकेच्या फायरमन भरतीची वाट बघतोय. ह्यूस्टनचा मावसभाऊ त्याला सांगतो की तिकडे फायरमनच ॲम्ब्युलन्सवर असतो, पेशंटला सलाईन लावतो, हार्ट अटॅकची केस सांभाळतो. आपल्याकडे तसं आहे का? नसेल तर इथे नेमकं काम काय असतं? आणि आई म्हणून होकार द्यावा का?

मी मुंबईलगतच्या एका महापालिकेत फायरमन म्हणून लागलो आणि केंद्र अधिकारी म्हणून बाहेर पडलो. त्यामुळे उत्तर लांबणार, सांभाळून घ्या.

मावसभाऊ खोटं बोलत नाही. ह्यूस्टनच्या अग्निशमन खात्याच्या स्वतःच्या ॲम्ब्युलन्स आहेत. न्यूयॉर्कने १९९६ साली ॲम्ब्युलन्स सेवा फायर डिपार्टमेंटमध्ये आणली. अमेरिकेतल्या अग्निशमन खात्यांना येणाऱ्या कॉलपैकी निम्म्याहून जास्त वैद्यकीय असतात, आगी त्यामानाने फार थोड्या. म्हणून तिथल्या बऱ्याच शहरांत फायरमनला निदान ईएमटीचा, म्हणजे ॲम्ब्युलन्सवरच्या तातडीच्या उपचारांचा, कोर्स करावाच लागतो. पॅरामेडिक, म्हणजे त्याहून पुढचे उपचार करणारा, व्हायचं तर आणखी हजारभर तासांचं शिक्षण वेगळं.

आपल्याकडे बंब पालिकेचा आणि ॲम्ब्युलन्स राज्य सरकारची. आग लागली की १०१, पेशंट असेल तर १०८. महाराष्ट्रात १०८ची सेवा २०१४च्या जानेवारीत सुरू झाली, ९३७ गाड्यांनिशी. त्यातल्या २३३ गाड्या मोठ्या, व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या, बाकीच्या ७०४ साध्या. तिचा कंट्रोल रूम पुण्यात औंधला. आपल्या १०८चं वैशिष्ट्य म्हणजे गाडीत पॅरामेडिक नाही, डॉक्टर असतो, बहुतेक वेळा बीएएमएस झालेला. ही व्यवस्था वाईट नाही. उलट खेड्यापाड्यांत तिने किती बाळंतिणी सुखरूप पोचवल्या याला गणती नाही. पण फायर ब्रिगेड आणि १०८ हे दोन वेगळे संसार आहेत. वायरलेस वेगळा, साहेब वेगळे, कंट्रोल रूम वेगळे. अपघात झाल्यावर लोक घाबरून कुठलातरी एकच नंबर फिरवतात आणि दुसऱ्या खात्याला पत्ताच नसतो. चांगला कंट्रोल ऑपरेटर वर्दी, म्हणजे आलेला कॉल, लिहून घेता घेता दुसऱ्या हाताने १०८ लावतो. असा माणूस स्टेशनला असेल तर त्याला जपावं.

तेव्हा कागदावरचं उत्तर असं की तुमचा मुलगा इथे पॅरामेडिक होणार नाही. पण शहरात बंब बऱ्याचदा ॲम्ब्युलन्सच्या आधी पोचतो, आणि पेशंट गाडीत, ढिगाऱ्यात किंवा लिफ्टच्या खड्ड्यात अडकलेला असेल तर त्याच्यापर्यंत हात पोचतो तो फक्त फायरमनचा. माणूस सापडला त्या क्षणापासून डॉक्टरच्या ताब्यात जाईपर्यंतची जी दहा-पंधरा मिनिटं असतात, ती कुठल्याच खात्याच्या नियमावलीत नीट बसत नाहीत. माझ्या मते ही नोकरी चांगली करणारा आणि नुसती हजेरी लावणारा यांतला फरक तिथेच कळतो. बाकी आग विझवायला सगळेच शिकतात.

एक अपघात सांगतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. हायवेवर पहाटेच्या सुमारास उभ्या कंटेनरला मागून टोमॅटोचा टेम्पो धडकला होता. ड्रायव्हर शुद्धीत, डॅशबोर्ड मांडीवर आलेला, डावा पाय गुडघ्याखाली पेडलच्या जागी चेपलेला. शेठला फोन करा, माल वाशीला पोचला पाहिजे, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. बघ्यांची गर्दी होती आणि चार-पाच जण त्याला काखेत धरून ओढायच्या तयारीत होते.

अशा ठिकाणी पहिलं काम गर्दी मागे सारायचं. दुसरं, टेम्पोच्या चाकांखाली लाकडी ठोकळे मारायचे, कारण गाडी हलली की आतला माणूस हलतो. तांडेलाने, म्हणजे आमच्या तुकडीच्या म्होरक्याने, बॅटरीची वायर काढली. डिझेल सांडलेलं होतं म्हणून एक जण होज रील (पाण्याची नळी) भरून तयार उभा राहिला. मग एक पोरगा मागच्या फटीतून आत घुसला आणि त्याने ड्रायव्हरचं डोकं दोन्ही हातांनी कानांपाशी धरून स्थिर ठेवलं. मान सरळ, नजर समोर. पुढची पाऊणएक तास तो तसाच बसून होता, त्या माणसाशी बोलत. गावाचं नाव, मुलं किती, टोमॅटोला भाव काय मिळाला. बाहेर स्प्रेडर (पत्रा फाकवणारं यंत्र) आणि कटर चालवणाऱ्यांचे फोटो निघाले. त्या पोराचा एकही फोटो नाही. पण मानेच्या मणक्याला मार असेल तर चुकीच्या एका झटक्याने माणूस जन्मभर खाटेला खिळतो. म्हणून त्या रात्रीचं सगळ्यात मोलाचं काम त्याने केलं असं मी आजही म्हणेन.

डॅशबोर्ड स्प्रेडरने वर उचलायला सुरुवात केली तेवढ्यात १०८ आली. डॉक्टर म्हणजे तरुण पोरगीच होती, पण डोकं जागेवर. ती म्हणाली, पाय लगेच मोकळा करू नका, आधी सलाईन चालू करते. आमच्यातल्या दोघांच्या कपाळावर आठ्या आल्या. पण ती बरोबर होती. बराच वेळ चेपून राहिलेल्या स्नायूत पोटॅशियम आणि इतर घातक द्रव्यं साठतात. दाब अचानक निघाला की ती रक्तात उतरतात, हृदयाचे ठोके बिघडतात, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. बोलता बोलता माणूस बाहेर काढला आणि स्ट्रेचरवरच दगावला, असं बिल्डिंग कोसळण्याच्या ठिकाणी घडतं ते अनेकदा यामुळेच. ढिगाऱ्याखाली तासन्‌तास अडकलेल्या माणसाच्या अंगावरचा स्लॅब उचलण्याआधी डॉक्टर जवळ हवा, ही गोष्ट प्रत्येक फायरमनच्या डोक्यात पक्की बसली पाहिजे. ४ एप्रिल २०१३ला शिळफाट्याजवळ इमारत कोसळून ७४ माणसं गेली. तेव्हापासून आमच्या भागात या विषयावर निदान बोलणं तरी सुरू झालं.

तर दोन खाती वेगळी असली तरी जागेवर काम एकच असतं. फायरमनला डॉक्टरचं थोडं कळावं लागतं आणि डॉक्टरने फायरमनवर विश्वास टाकावा लागतो. याचा सराव मात्र एकत्र होत नाही. मॉक ड्रिल होतं, त्यात ॲम्ब्युलन्स येऊन उभी राहते, फोटो निघतो, चहा होतो. आमच्या दलात तो हायड्रॉलिक कटर आला तेव्हा सुरुवातीला बराच काळ कपाटात कुलूपबंद होता, हरवला-बिघडला तर सही कोणाची या प्रश्नावर. सरकारी नोकरीत हेही आहे, मुलाला आधीच सांगून ठेवा.

आता रोजच्या वर्द्यांविषयी. सिनेमात फायरमन म्हणजे ज्वाळांतून लहान मूल छातीशी धरून येणारा. तसा प्रसंग आयुष्यात येतो, नाही असं नाही. पण रोज येतं ते असं: पावसाळ्यात झाड पडलं. रस्त्यावर ऑईल सांडून बाईकवाले घसरताहेत, माती किंवा लाकडाचा भुसा टाका. संक्रांतीला मांजात अडकलेली घार. दार आतून लॉक झालं, आत दीड वर्षाचं बाळ आणि गॅसवर दूध. बोटात अंगठी अडकून बोट काळं-निळं पडलंय. या अंगठीला आधी कटर लावत नाही. बळकट दोरा अंगठीखालून ओवून घ्यायचा, पुढच्या पेरावर घट्ट वेटोळी घालत नखाकडे न्यायचा आणि मग खालचं टोक उलगडत अंगठी सरकवायची. बहुतेक वेळा निघते. सासूबाईंची सोन्याची अंगठी न कापता हातात दिली की जो आशीर्वाद मिळतो तो आग विझवून मिळत नाही.

लिफ्टची वर्दी हमखास. बत्ती गेली, लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे. आत अडकलेल्याला काहीही होत नसतं, फक्त भीती वाटते. जीव जातो तो मधल्या फटीतून उडी मारून बाहेर पडायच्या नादात, कारण पाय लॉबीत न पडता खालच्या मोकळ्या खड्ड्यात जातो. आम्ही वर मशीन रूममध्ये जाऊन आधी मेन स्विच पाडतो, मग ब्रेक सैल करून हाताने चाक फिरवून लिफ्ट मजल्याला लावतो. एवढ्यात सोसायटीचा कोणीतरी उत्साही माणूस खाली मेन चालू करतो. म्हणून स्विचपाशी आपला एक माणूस उभा करायचा, हे कोणी शिकवत नाही, आपोआप कळतं.

मॅनहोल आणि सेप्टिक टँकच्या वर्दीवर मात्र मी पोरांना कान धरून बजावत असे. एक कामगार आत बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि तिघांचीही प्रेतं निघतात. तिथे हायड्रोजन सल्फाईड असतो. सुरुवातीला कुजक्या अंड्याचा वास येतो. गॅस वाढला की नाकाची वास घ्यायची ताकदच मरते आणि माणसाला वाटतं आता हवा बरी आहे. तोंडाला ओला रुमाल बांधून उतरणं म्हणजे निव्वळ वेडेपणा. बीए सेट (पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडाला मास्क), कमरेला दोर, वर तो दोर ओढायला तीन पायांचं तिकाटणं. यातलं काही नसेल तर वाट बघायची. आत माणूस पडलाय हे दिसत असतानाही. नवीन पोरांना सगळ्यात अवघड जातं ते हे थांबणं.

घरगुती गॅसच्या वर्दीत एक गोष्ट तुम्हालाही उपयोगाची आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो वर जात नाही, फरशीवर आणि ओट्याखाली साचतो. वास आला की लोक आधी दिवा लावतात नाहीतर एक्झॉस्ट फॅन सुरू करतात, आणि त्याच ठिणगीने भडका उडतो. एकही बटण चालू करू नका, चालू असेल तर बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, शक्य तर सिलिंडर मोकळ्यात न्या. गळक्या सिलिंडरने पेट घेतला असेल आणि गॅस बंद करता येत नसेल तर आम्ही ती ज्वाला घाईने विझवत नाही, सिलिंडरवर पाणी मारत तो थंड ठेवतो. विझवली तर गॅस पसरत राहतो आणि मग सगळी खोलीच पेटते. चाळीतले लोक अशा वेळी ओरडतात, अहो विझवा ना! त्यांना समजावण्यात एक माणूस जातो.

आता आगीविषयी, कारण तुमच्या काळजीचं मूळ तिथे असणार. आगीत भाजून मरणाऱ्यांपेक्षा धुराने गुदमरून मरणारे जास्त असतात, आणि फायरमनलाही खरा धोका धुराचा. म्हणून पाठीवर हवेचा सिलिंडर लागतो. त्याचा हिशोब मुलाने आत्तापासून डोक्यात ठेवावा. नेहमीचा कंपोझिट सिलिंडर ६.८ लिटरचा, ३०० बारला (बार हे दाबाचं माप) भरलेला, म्हणजे साधारण दोन हजार लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर श्वास धरला तर पन्नास मिनिटं पुरते. पण हे कागदावर. जिन्यातून होज ओढत, समोर हाताचा पंजा दिसत नसताना, घाबरलेला नवखा पोरगा याच्या दुप्पट हवा ओढतो. ५०-५५ बार उरले की सेटची इशाऱ्याची शिट्टी वाजू लागते. शिट्टी वाजली की परत फिरायचं, असं पुष्कळांना वाटतं. पण शिट्टी वाजेल तेव्हा तुम्ही बाहेर असायला हवं. २८० बारला आत शिरलात आणि शेवटच्या खोलीत पोचेपर्यंत ८० बार गेले, तर परतायला निदान ८० आणि वर राखीव ५५, म्हणजे १३५ बारला पाय दाराकडे वळले पाहिजेत, आत कोणी सापडो वा न सापडो. हे गणित दारात उभा असलेला माणूस पाटीवर मांडतो. आतल्याला वेळेचं भान नसतं.

पाण्याचंही तसंच. ६३ मिलिमीटरचा पंधरा मीटर होज पाण्याने भरला की त्यात सत्तेचाळीस लिटर पाणी असतं, म्हणजे सत्तेचाळीस किलो, होजचं वजन वेगळं. चौथ्या मजल्यावर जायचं तर असे चार-पाच लागतात. आणि ब्रँच, म्हणजे होजचं तोंड, हातात आली म्हणून बंद खोलीत भसाभस पाणी मारायचं नसतं. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती साधारण सतराशे लिटर जागा मागते. ती वाफ छतावरून उलटून आपल्याच मानेवर येते. म्हणून खाली बसायचं, दार जरासं उघडायचं, वर छताकडे थोडा फवारा मारून बघायचं. धुराचा रंग, त्याचा वेग, दाराखालून तो आत ओढला जातोय की बाहेर ढकलला जातोय, हे वाचता आलं पाहिजे. पुस्तकात हे सगळं असतं, पण मी शिकलो ते एका जुन्या तांडेलाकडून. त्याला इंग्रजी येत नव्हतं, धूर मात्र वाचता यायचा.

धोका किती, हे लपवण्यात अर्थ नाही. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजाला आग लागली. खणात कापसाच्या गाठी आणि त्याच जहाजात शेकडो टन स्फोटकं. दुपारपासून आमचे लोक पाणी मारत होते, चारच्या सुमारास स्फोट झाला, मग दुसरा. त्यात ६६ अग्निशामक गेले. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. ९ मे २०१५ला काळबादेवीच्या गोकुळ निवासची जुनी इमारत आगीत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले. त्यात दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर होते. साहेब मागे गाडीत बसून होते आणि पोरं मेली, असं या खात्यात सहसा होत नाही. ही गोष्ट अभिमानाची की चिंतेची, यावर आमच्यात अजून वाद होतात. माझं मत असं की प्रमुखाने बाहेर राहून चित्र बघावं. पण जुन्या लाकडी इमारतीच्या आगीत बाहेर उभं राहणं किती कठीण असतं तेही मला ठाऊक आहे.

म्हणून फॅक्टरी असो की गोदाम, पोचल्यावर आमचा पहिला प्रश्न 'आत कोण आहे' आणि लगेच दुसरा 'आत काय आहे'. डोंबिवलीत मे २०१६मध्ये प्रोबेस कंपनीत स्फोट झाला तेव्हा दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. केमिकलच्या आगीत मालक, मॅनेजर गायब असतात आणि वॉचमनला ड्रममध्ये काय आहे ते माहीत नसतं. अशा वेळी लांबून पाणी मारत ड्रमवरची चिठ्ठी दुर्बिणीतून वाचणाऱ्या अधिकाऱ्याला भित्रा म्हणू नये.

आता भरतीकडे येतो. मुंबई महापालिकेने २०२३च्या सुरुवातीला दहिसरच्या मैदानावर ९१० अग्निशामकांची भरती घेतली. बारावी पास, पुरुषांना उंची १७२ सेंटीमीटर, छाती ८१ आणि फुगवून ५ जास्त, वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१००. धावणं, दोरावर चढणं, शिडी, वजन खांद्यावर घेऊन पळणं, उंचावरून जंपिंग शीटमध्ये उडी असे प्रकार असतात. महिला उमेदवारांच्या उंचीवरून तेव्हा मोठा गोंधळ झाला. म्हणून पहिलं काम म्हणजे सरकारी दवाखान्यात मुलाची उंची मोजून आणा, अनवाणी. अर्ध्या सेंटीमीटरने बाहेर पडलेली पोरं मी मैदानावर रडताना पाहिली आहेत. त्यातली काहींनी वर्षभर क्लासचे पैसे भरलेले होते. इतर बऱ्याच महापालिकांत १६५ सेंटीमीटर चालते, पण तिथे राज्याच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा कोर्स आधी झालेला असावा लागतो. दोन्हीकडे जाहिरातीतली अट हीच खरी, आमच्यासारख्यांची आठवण नव्हे.

गल्लोगल्ली 'फायर अँड सेफ्टी डिप्लोमा' विकणाऱ्या संस्था निघाल्या आहेत. त्यातल्या काही बऱ्या आहेत आणि कंपन्यांत, मॉलमध्ये सेफ्टीची नोकरी मिळायला त्या कागदाचा उपयोग होतो. पालिकेच्या भरतीत तो बहुतेक वेळा चालत नाही, आणि हे ते आधी सांगत नाहीत. पैसे भरण्याआधी एखादी जुनी जाहिरात त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा, यातल्या कुठल्या अटीत तुमचं सर्टिफिकेट बसतं? मुलगा अभ्यासात बरा असेल तर फायरमनवर थांबू नये. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, तिथून अधिकारी घडतात. हर्षिनी कान्हेकर २००२मध्ये तिथे दाखल झाल्या, त्या कॉलेजातल्या पहिल्या मुलगी. भाच्या-पुतण्या असतील तर त्यांनाही हे सांगा.

ड्यूटी मोठ्या दलांत आठ तासांच्या पाळ्यांत चालते. लहान नगरपालिकांत माणसं कमी, त्यामुळे बारा तास नाहीतर चोवीस तासही होतात, आणि कंत्राटी पोरांना कायम असलेल्यांच्या निम्माही पगार नसतो. कंत्राटी फायरमनची जाहिरात दिसली तर विमा कोणाच्या नावावर आहे आणि जखमी झाला तर दवाखान्याचं बिल कोण भरणार, हे लेखी विचारल्याशिवाय हो म्हणू नका. कायम नोकरीत बऱ्याच ठिकाणी स्टेशनातच क्वार्टर्स मिळतात. जागा लहान, पण शहरात घर मिळतं. मात्र घंटा घरातही ऐकू येते. दिवाळी, गणपती विसर्जन, थर्टी फर्स्ट, या दिवशी रजा मिळेल ही आशा सोडायची.

तब्येतीचं एक सांगतो, कारण आमच्या पिढीने याकडे कधी बघितलंच नाही. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाचं काम हे कर्करोगाला निश्चित कारणीभूत अशा गटात टाकलं. जळालेलं प्लास्टिक, फोम, वायरी यांचा काजळीत जो अंश असतो तो कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातो. आमच्या वेळी काळाकुट्ट कोट म्हणजे शान होती. तो न धुता खुंटीला, तसाच घामट शर्ट घरी, आणि त्याच हातांनी पोराला उचलायचं. मुलगा लागला तर त्याला सांगा, आग विझल्यावर कूलिंग चालू असतानाही मास्क काढायचा नाही, कारण धूर दिसत नसला तरी गॅस असतो. गणवेश स्टेशनलाच धुवायचा, अंघोळ करूनच घरी यायचं. वरिष्ठ हसतील, हसू देत.

मनावर काय होतं, त्याबद्दल एवढंच म्हणेन की लहान मुलांच्या वर्द्या राहतात. बायकोला, आईला सगळं सांगायची गरज नाही, पण कोणालातरी सांगावं लागतं, आणि दारू हा तो 'कोणीतरी' नव्हे. काही दलांत आता समुपदेशक बोलावतात. पोरं सुरुवातीला टिंगल करतात, पण नंतर एकेक जण दार लावून बोलून येतो.

आणि मुलाला ॲम्ब्युलन्सचंच, पेशंटचंच काम मनापासून आवडत असेल, तर फायर ब्रिगेड हा त्यासाठी आडरस्ता आहे. मग त्याने नर्सिंग किंवा पॅरामेडिकलचा नीट पदवी अभ्यासक्रम घ्यावा, नाहीतर 'नीट'ची प्रवेश परीक्षा देऊन डॉक्टर होऊन १०८वर जावं. त्याला दोर, शिडी, पाणी, यंत्रं यांची ओढ असेल आणि जोडीला माणसाची नाडी धरायला हात कचरत नसतील, तर आमचं खातं त्याच्यासाठीच आहे.

जाहिरात येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. विहिरीत नाही, वाहत्या पाण्यात पोहायला शिकवा, पुरात तेच कामाला येतं. अंगाने काटक आहे म्हणता, पण बहुतेक पोरं पडतात ती दोरावर, खांद्यांची ताकद नसते म्हणून. रोज दोर. जड वाहनाचा परवाना वय बसेल तसा काढून ठेवा, पुढे यंत्रचालक (बंब चालवणारा) व्हायची वाट मोकळी राहते. रेड क्रॉस किंवा सेंट जॉनचा प्रथमोपचाराचा कोर्स करू द्या, फी फार नसते. त्यात छाती दाबायला शिकवतात, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल. मेंदूला रक्त मिळालं नाही तर चार-सहा मिनिटांत नुकसान सुरू होतं, आणि तेवढ्या वेळात ना बंब पोचतो ना १०८. अपघातग्रस्ताला मदत करायला लोक पोलिसांच्या भीतीने बिचकतात. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ए आलं, त्यात चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. मुलाला कोर्सला पाठवाल तेव्हा तुम्हीही शेजारी बसा, ताई. तिथे वयाची अट नसते.